सांघिक प्रवास स्पर्धेत 'अनुभवी प्रवासी' म्हणून अर्ज करायचाय, मार्ग संभाजीनगर परिसरातला. अर्जात काय लिहू?

फिरलेल्या गावांची यादी नको, ती सगळेच देतात. त्यापेक्षा दोन दिवसांचं वेळापत्रक जोडा, तासांसकट. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. बहुतेकांचं गणित इथंच फसतं. अजिंठा शहरापासून सुमारे १०० किमी. शिवाय फर्दापूर फाट्यावर गाडी लावून शेवटचे ४ किमी बसनं जायचं, रांगेसकट जाता-येता तासभर धराच. वेरूळ जवळ, ३० किमी. तिथं फक्त कैलास लेण्यालाच दोन तास द्या.

संघातलं आपलं काम एकच सांगा: नकाशा, हिशेब किंवा गाडी. 'मला सगळं जमतं' लिहिणारा भांडणं लावतो, असा माझा तरी समज आहे. उन्हाळ्यातली स्पर्धा असेल तर माणशी चार लिटर पाणी हिशेबात दाखवा.