रेव्हिटमध्ये गोल डक्टचं फिटिंग उलटं बसतं किंवा बसतच नाही, काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका जिमसाठी उघडी स्पायरल डक्ट (पत्र्याची पट्टी गुंडाळून बनवलेली गोल हवानळी) रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायच्या प्रोग्राममध्ये, काढताय; मेन, म्हणजे मुख्य डक्ट, ४०० मिमीची. फाटा काढला की टीऐवजी (तीन तोंडांचा जोड) टॅप (मेनच्या अंगाला चिकटणारा जोड) येतो. हाताने लॅटरल टी बसवली तर तिचा ४५ अंशांचा फाटा नको त्या बाजूला कलतो. बीमखालून २०० मिमी खाली डक्ट न्यायला गेलं की जागा नाही म्हणून बेंडच होत नाही. आणि शेवटी वैतागून विचारलंय, की गोल फिटिंग निवडायला आणि फिरवायला काही शास्त्र आहे, का नुसतं स्पेसबार दाबत बसायचं.

शास्त्र आहे. स्पेसबारही दाबावा लागतो, पण नंतर.

लॅटरलपासून सुरुवात करतो, कारण तिन्हींत तीच जास्त घातकी. बेंड बसला नाही तर प्रोग्राम बोंब मारतो. लॅटरल उलटी बसली तर कोणीच काही बोलत नाही. थ्रीडीत ती दोन्ही बाजूंनी तितकीच देखणी दिसते, क्लॅश तपासणीत (दोन वस्तू एकमेकींत घुसतात का ते बघणाऱ्या) पकडली जात नाही, आणि चूक कळते ती पत्रा कापून झाल्यावर.

डक्टचं जाळं झाडासारखं बघा. मशीन, मग ते एएचयू (हवा थंड करून ढकलणारं मशीन) असो की एक्झॉस्ट फॅन, म्हणजे बुंधा. फांदी नेहमी बुंध्यापासून लांब, शेंड्याकडे कलते. लॅटरलचा फाटाही तसाच कलला पाहिजे. सप्लायमध्ये हे पटकन पटतं: हवा मशीनकडून येते, पुढे जाता जाता ४५ अंशांत वळून फाट्यात शिरते. एक्झॉस्टमध्ये मात्र भलेभले फसतात. हवा उलटी वाहते म्हणजे फाटाही उलटा करायचा, असं वाटतं. कागदावर बाण काढून बघा. फॅन डावीकडे, मेनमधली हवा डावीकडे चाललेली. फाट्यातून येणाऱ्या हवेने मेनमध्ये डावीकडेच तोंड करून शिरावं, तर फाट्याचं बाहेरचं टोक उजवीकडे, म्हणजे फॅनपासून लांबच कललेलं हवं. थोडक्यात सप्लाय, रिटर्न, एक्झॉस्ट, काहीही असो, फाट्याची पाठ मशीनकडे.

हे मी ठणकावून सांगतोय कारण स्वतः त्यात फसलोय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी टॉयलेट एक्झॉस्टचं एक मॉडेल केलं होतं. ‘हवा उलटी म्हणून फाटाही उलटा’ हा युक्तिवाद लढवून सगळ्या लॅटरल मी मोठ्या हुशारीने मिरर केल्या. शॉप ड्रॉइंग डक्टवाल्याकडे गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रींचा फोन: ‘‘साहेब, फॅन नक्की कुठल्या टोकाला आहे?’’ मी सांगितलं. पलीकडून दोन क्षण काहीच आवाज नाही. मग, ‘‘बरं, मी सरळ करून घेतो, तुम्ही कागद नंतर पाठवा.’’ त्या दिवसापासून लॅटरल ठेवण्याआधी मी मशीन कुठल्या बाजूला आहे ते मोठ्याने म्हणतो. शेजारचे हसतात, हसू देत.

आता ती फिरवायची कशी. ‘डक्ट फिटिंग’ची कमांड घेऊन (कीबोर्डवर डी आणि एफ) लॅटरल निवडा, मेनवर कर्सर न्या आणि क्लिक करायच्या आधी स्पेसबार दाबत राहा. दर वेळी फिटिंग पुढच्या अवस्थेत जातं. हवी ती आली की मगच क्लिक. एकदा बसल्यावर फिटिंग सिलेक्ट केलं तर शेजारी फिरवण्याचं गोल चिन्ह आणि उलटवण्याचे बाण दिसतात, पण सगळी तोंडं जोडली गेली असतील तर त्यातलं बरंच काही गायब होतं. लोक इथेच अडकतात आणि मिरर कमांडकडे धावतात. तसं करू नका. फाट्याची डक्ट आधी सोडवा, तिचं टोक थोडं लांब ओढा, मग फिटिंगवर क्लिक करा. चिन्हं परत येतात. तरीही ऐकलं नाही तर लॅटरल सरळ डिलीट करा, मेनच्या एका तुकड्याचं टोक ओढून दुसऱ्याला भिडवा म्हणजे ती पुन्हा सलग होईल, आणि नव्याने बसवा. पाच मिनिटांचं काम आहे. भांडत बसलात तर तास जातो.

फाटा छताकडे तिरपा उचलायचा असेल, समजा ३० अंश वर, तर गोल चिन्ह उपयोगाचं नाही, कारण ते ९०-९० अंशांच्या उड्या मारतं. मेनला आडवा छेद देणारा सेक्शन घ्या, म्हणजे मेन तुम्हाला वर्तुळ दिसेल. त्या सेक्शनमध्ये फाटा मोकळा ठेवून फिटिंग सिलेक्ट करा आणि साधी रोटेट कमांड वापरा, केंद्र मेनच्या मध्यावर. चौकोनी डक्टमध्ये हे करता येत नाही. मेन गोल असल्यामुळे टी तिच्याभोवती कुठल्याही कोनात फिरू शकते. गोल डक्टचं हे सुख फार थोडे लोक वापरतात.

टीऐवजी टॅप का येतो? कारण तुमच्या डक्ट टाइपला तसंच सांगून ठेवलंय. डक्ट सिलेक्ट करून एडिट टाइपमध्ये जा, राउटिंग प्रेफरन्सेस उघडा. तिथे एल्बो (म्हणजे बेंड), जंक्शन, क्रॉस, ट्रान्झिशन, युनियन, कॅप अशा रांगा आहेत, आणि जंक्शनच्या वर ‘प्रेफर्ड जंक्शन टाइप’ म्हणून एक ओळ आहे: टी किंवा टॅप. ती बदलली की पुढचे फाटे टीने निघतील. त्या यादीत एकाहून जास्त फिटिंग ठेवली असतील तर वरून खाली बघत जे पहिलं लागू पडेल ते उचललं जातं. म्हणून क्रमाला अर्थ आहे.

पण सगळीकडे टी करू नका एवढंच सांगेन. टी मेनचे दोन तुकडे करते. उद्या मेन ४०० ची ४५० झाली तर प्रत्येक तुकडा वेगळा निवडून बदलावा लागतो, आणि एखादा राहिला की मध्येच रिड्यूसर (व्यास बदलणारा जोड) उगवतो. टॅप मेनच्या अंगावर चिकटतो, मेन अखंड राहते, साइज एका क्लिकमध्ये बदलते. साइटवरही तसंच असतं: डिफ्यूझरला (खोलीत हवा सोडणाऱ्या जाळीला) जाणारा १५० किंवा २०० चा फाटा असला की मिस्त्री मेनला भोक पाडून कॉलर, म्हणजे नळीचा छोटा तुकडा, मारतो, त्यासाठी कोणी टी बनवत बसत नाही. मी स्वतः दोन डक्ट टाइप करून ठेवतो, एक टॅपवाला, एक टीवाला. डिफ्यूझरच्या फाट्यांना टॅप. मेनच जिथे दोन मोठ्या भागांत फुटते तिथे टी, लॅटरल किंवा वाय. तुमच्या जिममध्ये डक्ट उघडी आहे, म्हणजे फाट्याच्या मुळाशी शंकूसारखा टॅप लावलात तर डोळ्यालाही बरा दिसेल आणि सरळ ९० अंशांच्या कॉलरपेक्षा हवेला त्रासही कमी.

आता बीम. तुम्ही लिहिलं नाहीये, पण मी पैज लावतो की तुम्ही प्लॅनमध्ये डक्ट काढता काढता मधेच वरच्या पट्टीतलं मिडल एलिव्हेशन २०० ने कमी केलं. (जुन्या आवृत्तीत त्यालाच ऑफसेट म्हणायचे.) असं केलं की रेव्हिट सरळ खाली उतरणारा तुकडा टाकायला बघतं, म्हणजे ९० अंशांचे दोन बेंड. तुमचा बेंड १.५ डी चा असेल, म्हणजे मध्यरेषेची त्रिज्या व्यासाच्या दीडपट, ४०० च्या डक्टला ६००. असे दोन बेंड एकमेकांना चिकटवून बसवले तरी वरच्या आणि खालच्या मध्यरेषेत १२०० मिमी अंतर लागतं. तुमच्याकडे २०० आहे. प्रोग्राम बिचारा खरंच सांगतोय.

हिशेब सोपा आहे. १२०० ला (१ वजा कोनाचा कोसाइन) याने गुणा. ४५ अंशांचे दोन बेंड चिकटवले तर कमीत कमी ३५१ मिमी उतरावं लागतं. तेही तुम्हाला चालणार नाही. ३० अंशांचे घेतले तर १६१. म्हणजे २०० बसतं, आणि दोन बेंडच्या मध्ये सुमारे ७८ मिमी सरळ तुकडाही उरतो. आडवी लांबी लागते साधारण ६७० मिमी. हे बीमच्या दोन्ही बाजूंना, उतरताना आणि चढताना. कॉलरची लांबी आणि हँगरची जागा यातून वेगळी धरा.

करायचं असं: डक्टच्या लांबीला समांतर सेक्शन घ्या, वरची आणि खालची सरळ डक्ट वेगवेगळी काढा, मध्ये ३० अंशांचा तिरका तुकडा काढा आणि ट्रिम कमांडने (टी आणि आर) कोपरे जुळवा. बेंड आपोआप येतात. त्याआधी मेकॅनिकल सेटिंग्जमध्ये अँगल्सच्या पानावर जाऊन ठरावीक कोनच वापरायचा पर्याय निवडून ठेवा: ९०, ६०, ४५, ३०, २२.५, ११.२५. नाहीतर माऊस थोडा हलतो आणि २९.३७ अंशांचा बेंड तयार होतो. तो पुढे ड्रॉइंगमध्ये छापला जातो आणि डक्टवाला तुम्हाला नावं ठेवतो.

जागा नाही म्हणून १ डी चा बेंड किंवा सरळ कापून जोडलेला कोपरा निवडायचा मोह होईल. आकडा बघा मग ठरवा. ४०० च्या डक्टमध्ये हवा ८ मीटर प्रति सेकंद वेगाने जात असेल, म्हणजे साधारण २१०० सीएफएम (घनफूट प्रति मिनिट), तर तिचा वेगदाब (वेगामुळे येणारा दाब) सुमारे ३८ पास्कल. १.५ डी चा गुळगुळीत ९० अंशांचा बेंड त्यातला जवळपास ०.१५ पट खातो, म्हणजे सहाएक पास्कल. व्हेन (हवा वळवणारी पाती) नसलेला काटकोनी कापलेला कोपरा १.२ पट खातो, म्हणजे ४६. एका कोपऱ्यात चाळीस पास्कलचा फरक, आणि वर आवाज. मोठ्या व्यासाचा बेंड वर्कशॉपमध्ये बहुधा तुकडे जोडूनच बनतो, तो गुळगुळीतपेक्षा थोडा जास्त खातो, पण काटकोनाच्या जवळपासही नसतो. म्हणून कोन बदला, त्रिज्या शक्यतो बदलू नका.

दाबाचा हिशेब रेव्हिटकडूनच करून घेणार असाल तर फिटिंगच्या प्रॉपर्टीजमध्ये लॉस मेथड (दाबघट मोजायची पद्धत) बघा. ॲशरे या अमेरिकन वातानुकूलन संस्थेच्या तक्त्यातला कोड निवडायचा असतो. पहिलं अक्षर एस म्हणजे सप्लाय, ई म्हणजे एक्झॉस्ट किंवा रिटर्न, सी म्हणजे दोन्हीकडे चालणारं. दुसरं अक्षर डी असेल तर गोल. पुढचा आकडा ३ असेल तर बेंड, ४ ट्रान्झिशन, ५ जंक्शन. एक्झॉस्टच्या टीला एसने सुरू होणारा कोड लागलेला मी कितीदा पाहिलाय, मोजदाद नाही. सिस्टिम इन्स्पेक्टर उघडलात तर हवेचे बाणही दिसतील. लॅटरलची दिशा तिथेच एकदा ताडून घ्या.

रिड्यूसरबद्दल फार नाही. उघड्या डक्टला मधोमध निमुळता होणारा छान दिसतो, तोच ठेवा. स्लॅबला घासून जाणारी डक्ट असेल तर वरची बाजू सपाट ठेवणारा घ्या, म्हणजे हँगरच्या रॉडची लांबी बदलत नाही. तोही फिरवण्याच्या चिन्हाने चार दिशांना फिरतो.

दोन सावधगिऱ्या. एक, टाइप सिलेक्टरमधून एकेक फिटिंग बदलत गेलात आणि नंतर कोणीतरी त्या डक्टवर ‘रीॲप्लाय टाइप’ चालवलं, तर तुमची मेहनत राउटिंग प्रेफरन्सेसप्रमाणे पुसली जाईल. म्हणून जे कायमचं हवंय ते तिथेच नोंदवा. दुसरं, इंटरनेटवरून उतरवलेली लॅटरल राउटिंगच्या यादीत दिसतच नसेल किंवा भलत्याच रांगेत दिसत असेल, तर ती फॅमिली (फिटिंगची फाइल) उघडून तिचा पार्ट टाइप (फिटिंग टी आहे, बेंड आहे की आणखी काही, ते सांगणारी नोंद) तपासा. बनवणाऱ्याने चुकीचा ठेवलेला असतो. तिथेच कनेक्टरचा व्यास पॅरामीटरला बांधलाय का तेही बघा. नसेल बांधला तर डक्ट ४०० ची झाली तरी टी ३०० चीच राहील आणि मध्ये दोन रिड्यूसर येतील.

तरी अडलं तर फिटिंग सिलेक्ट केलेल्या अवस्थेतला सेक्शन आणि राउटिंग प्रेफरन्सेसची खिडकी, दोन्हींचे स्क्रीनशॉट प्रश्नात जोडा. आणि मशीन कुठल्या बाजूला आहे तेही लिहा, तुमच्या प्रश्नात नेमकं तेवढंच नव्हतं.