पुठ्ठा कापणं हाही तिचा अभ्यासच आहे

स. न.

तुमच्या मुलीच्या गुणांची मला काळजी वाटत नाही. वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला ६८ टक्के ठीक आहेत. काळजी वाटली ती तुमच्या पत्रातल्या पुढच्या वाक्याची: ‘दिवसभर पुठ्ठे कापत बसते, म्हणून कटर आणि मॅट कपाटात बंद केली आणि तीन सॉफ्टवेअर कोर्सना तिचं नाव घातलं.’ तिला कॉम्प्युटेशनल डिझाइनमध्ये, म्हणजे पायरी-पायरीच्या नियमांनी रचना करण्याच्या विषयात, पुढे शिकायचंय आणि शेप ग्रामर, म्हणजे आकारांचं व्याकरण, हा तिचा आवडीचा विषय आहे, हेही तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ज्या विषयात तिला पुढे जायचंय, त्याचीच हत्यारं तुम्ही काढून घेतलीत. दोन पानी पत्रात ती नेमकं काय बनवते याची एक ओळही नाही. तुम्ही तिला विचारलेलं दिसत नाही. आज विचारा, आणि त्याआधी कपाट उघडा.

तुमचा मूळ गैरसमज असा, की कॉम्प्युटेशन म्हणजे संगणक. जॉर्ज स्टायनी आणि जेम्स गिप्स या संशोधकांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात शेप ग्रामर मांडलं, ते चित्रं आणि शिल्पं नियमांनी घडवण्यासाठी. एक सुरुवातीचा आकार आणि ‘हा आकार दिसला की त्याच्या जागी तो ठेवा’ असे नियम, एवढीच सामग्री. हे कॉम्प्युटेशन कागदावर, डोळ्यांनी करता येतं. मुलीसोबत करून बघा. ट्रेसिंग पेपरवर ८ सेंटिमीटर बाजूचा चौरस काढा. नियम एकच: चौरस दिसला की त्याची प्रत बाजूच्या निम्म्याइतकी उजवीकडे आणि तितकीच वर सरकवून काढा. एकदा लावलात की दोन चौरस होतील, आणि मधोमध ४ सेंटिमीटरचा तिसराही दिसेल. तो कुणी काढला नव्हता, पण नियम त्यालाही लागू होतो. आता हेच साध्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये करा. त्याच्या यादीत दोनच चौरस आहेत, तिसऱ्यावर क्लिक होणार नाही. त्याच्या चार कोपऱ्यांपैकी दोन तर कुठे नोंदलेलेच नाहीत, ते फक्त रेषा छेदतात तिथे आहेत. जे दिसतंय त्यावर नियम लावता येणं हा या विषयाचा प्राण आहे, आणि नुसता सॉफ्टवेअर कोर्स नेमका तोच शिकवत नाही.

आता पुठ्ठ्याकडे येऊ. टेरी नाइट या संशोधिकेने आणि स्टायनी यांनी २०१५ मध्ये हाच विचार प्रत्यक्ष वस्तूंपर्यंत नेला. त्याला मेकिंग ग्रामर म्हणतात. तिथे नियमात आकाराबरोबर हाताची कृती आणि स्पर्शही येतो. कारण कागदावर एकावर एक आलेल्या दोन रेषा एकच होतात, पण २ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आल्या की जाडी ४ होते आणि पुढचा प्रत्येक सांधा सरकतो. खाचेत बसणारे तुकडे करताना एकाची खाच वरून आणि दुसऱ्याची खालून, दोन्ही निम्म्या उंचीपर्यंत हव्यात. दोन्ही वरून कापल्या तर तुकडे एकमेकांत शिरतच नाहीत. पुठ्ठा लेझर यंत्रावर कापला आणि लेझर कापताना ०.२ मिलिमीटर जाळत असेल तर २ मिलिमीटरची खाच २.२ची होऊन सांधा डुगडुगतो, म्हणून ती १.८ची काढायची. त्याहून बरं म्हणजे आधी १.६ ते २.१ पर्यंत दर ०.१च्या फरकाने खाचा असलेली चाचणीपट्टी कापून कुठली घट्ट बसते ते बघायचं, कारण पुठ्ठा दाबला जातो आणि प्रत्येक गठ्ठ्याची जाडी सारखी नसते. जाळी विणताना शेवटची पट्टी दोन्हीकडून अडकली की ती आत जातच नाही. मग जोडणीचा क्रमसुद्धा नियमातच लिहावा लागतो. ही अडचण पडद्यावर दिसत नाही, कारण तिथे तुकडे एकमेकांतून आरपार जातात. तुम्ही ज्याला वेळ घालवणं म्हणताय, ते हे आहे.

प्रवेशासाठी पोर्टफोलिओ, शिफारसपत्रं आणि लागेल तिथे भाषेची परीक्षा; हे ती सांभाळेल. पोर्टफोलिओत मात्र नुसते देखणे फोटो नकोत. सुरुवातीचा आकार, दोन-तीन नियम, पायरी-पायरीने झालेली वाढ, आणि जिथे जोडणी फसली तो तुकडा कारणासह, हे सगळं हवं. फसलेले तुकडे फेकू नका म्हणावं.

नोकरीचंही स्पष्ट सांगते. ‘शेप ग्रामर’ नावाची जागा जाहिरातीत जवळजवळ दिसणार नाही. संशोधनात जागा थोड्या असतात. वास्तुरचना कार्यालयं आणि फॅब्रिकेशन (यंत्रांनी सुटे भाग कापून-जोडून बनवणं) करणाऱ्या कंपन्या माणसं घेतात, पण त्यांना प्रोग्रामिंग येणारी हवी असतात. त्यामुळे पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा तिला शिकावीच लागेल, इथे तुमचं बरोबर आहे. तीन कोर्सपैकी पायथनचा तेवढा ठेवा, बाकीचे दोन रद्द करा. आणि पहिला प्रोग्राम तिने हा लिहावा: दोन चौरसांच्या आठ रेषा घेऊन तिसरा चौरस शोधणारा. त्यासाठी छेदबिंदू काढावे लागतील, एकाच सरळ रेषेत जोडून येणारे तुकडे मिळवून सलग रेषा करावी लागेल, आणि हवी ती बाजू अशा एखाद्या लांब रेषेत सामावते का ते तपासावं लागेल. हे गणित शेप ग्रामरचे संशोधक रमेश कृष्णमूर्ती यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलंय, ते तिने आधी वाचावं. आठ रेषांवर प्रोग्राम चालला की चौरस १० अंशांनी फिरवून पुन्हा चालवायला सांगा. बहुतेक तिथे अडेल, कारण दशांशातल्या बारीक फरकामुळे एकाच रेषेतले दोन तुकडे संगणकाला वेगळे वाटतात. किती फरक चालवून घ्यायचा, हे मग तिलाच ठरवावं लागेल.