नांदेडच्या विमानतळावर तपासणीला नव्याने उभा राहणार आहेस म्हणून

एक्स-रेचं मशीन तुला प्रशिक्षणात शिकवतील. माणसांचं मी सांगतो.

नांदेडला हुजूर साहिबचे यात्रेकरू येणारच. देशांतर्गत विमानात शीख प्रवाशाला कृपाण नेता येते: पातं 6 इंचांपर्यंत, एकूण लांबी 9 इंचांपर्यंत. हे माप तोंडपाठ ठेव, मोजपट्टी खिशात ठेव. शंका आली तर वाद घालू नकोस, हात जोडून मोज. नियम माहीत नसलेला कर्मचारीच तिथं भांडण उभं करतो, प्रवासी नाही.

मग आपल्या आज्या. पुण्या-मुंबईला लेकाकडं निघालेल्या, कमरेला चंची, चंचीत अडकित्ता. तो केबिनमध्ये जाणार नाही, हे खरंच. पण 'काढा बाहेर' म्हणून खेकसलास की ती चंची आणखी घट्ट धरते आणि सगळी रांग तुंबते. 'आज्जी, अडकित्ता हाय का वो?' असं विचार, ती स्वतःच काढून देते. सोडायला आलेला नातू अजून बाहेर असेल तर त्याच्याकडं पोचव. बायकांची झडती पडद्याआड, महिला कर्मचारीच घेणार. गर्दी कितीही असो, यात सूट नाही.

बोलायचं ते ट्रेपाशी नाही, रांगेतच, आणि मराठीत. पॉवर बँक मोठ्या सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतच हवी, लायटर नको. कुणी पेसमेकर आहे म्हणालं तर त्याला मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून ढकलू नकोस, बाजूला घेऊन हाताने तपासायला सांग.

आणि एक्स-रेच्या पडद्यासमोर डोळे जड झाले की लाजू नकोस, जागेवर दुसरा माणूस माग.