पोटासाठी संमोहन: पॅकेजचे पैसे भरण्याआधी एवढं वाचा

काल रात्री तुमची पोस्ट वाचली आणि मला झोप लागली नाही. नऊ वर्षं आयबीएस (पोटदुखी, मुरडे आणि शौचाचं तंत्र बिघडवणारा आतड्याचा जुनाट त्रास), सगळे रिपोर्ट नॉर्मल, तास चालू असताना मुरडा आला की वर्ग मॉनिटरवर सोपवून धावायचं. आता गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी 'संमोहन करून बघा' म्हटल्यावर तुम्हाला सापडलेली ती जाहिरात: ६ सेशन, बालपणातलं मूळ कारण शोधून कायमचा इलाज, २५ हजार, आगाऊ भरले तर सूट. २०१४ साली मी बँकेत काउंटरला होते आणि अशीच एक जाहिरात कापून पर्समध्ये ठेवली होती. म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

मी डॉक्टर नाही. शौचातून रक्त, वजन उतरणं, ॲनिमिया, रात्री झोपेतून उठवणारी कळ यातलं काही असेल तर माझं सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. तुमच्या तपासण्या झाल्यात असं धरून पुढे लिहिते. संमोहन म्हणजे झोप नव्हे, कोणी तुमचा ताबा घेत नाही, हे सगळं इथे अनेकदा लिहून झालंय, त्यात जात नाही.

तुमच्या डॉक्टरांनी भलतं काही सांगितलेलं नाही. मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी औषधांना दाद न देणाऱ्या ३० रुग्णांवरचा अभ्यास १९८४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला, तिथून हा पोटाच्या संमोहनाचा उपचार रुळला. औषधं घेऊन १२ महिने झाले तरी त्रास हटत नसेल तर सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत), संमोहन अशा उपचारांसाठी पाठवण्याचा विचार करावा, असं ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००८ मध्ये डॉक्टरांना सांगितलंय. आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा फार हळव्या झालेल्या असतात, इतरांना जाणवतही नाही एवढ्या वायूने आपल्याला कळ येते. ही आतडं आणि मेंदू यांच्यातली ओरड कमी करायची, एवढंच या उपचाराचं काम. म्हणजे सगळं लक्ष आजच्या पोटावर. त्यात बालपण कुठे येतंय? हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही, आणि त्याची किंमत पैशांत मोजण्यासारखी नव्हती.

मी गेले तिथे पाटीवर नावाआधी 'डॉ.' होतं. कसले डॉक्टर, हे मी विचारलं नाही. पैसे मात्र सगळे आगाऊ भरले. पहिल्या दिवशी फॉर्म भरताना मी सहज लिहिलं होतं की लहानपणी मला अंधाराची भीती वाटायची. तिसऱ्या सेशनला त्यांनी मला 'मागे' नेलं. सहा वर्षांची आहेस, अंधार आहे, कुठे आहेस? मी म्हटलं, गावच्या घरी, कोठीच्या खोलीत. बाहेर कोणी आहे का? पुरुष आहे का? ओळखीचा आहे का? अशा प्रश्नांना डोळे मिटून उत्तरं देताना मन कोरी जागा ठेवत नाही, काहीतरी भरतंच. माझ्या मनाने मोठे काका भरले, कारण घरात आवाज चढवणारे तेच होते. चौथ्या सेशनला धान्याचा वास आला. पाचव्याला बाहेरून कडी लावल्याचा आवाज. सहाव्याला मी रडले आणि त्यांनी सांगितलं, हेच तुमच्या पोटात बसलंय, ज्याने केलं त्याला सामोऱ्या जा.

त्या वर्षी गणपतीत, आरती झाल्यावर, सगळ्या घरासमोर मी काकांना विचारलं की तुम्ही मला कोंडून का ठेवायचात. त्यांच्या हातात आरतीचं ताट होतं. ते काहीच बोलले नाहीत, ताट खाली ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मला तो कबुलीजबाब वाटला.

महिन्याभराने आत्याचा फोन आला. म्हणाली, "अगं, ती कोठीची खोली तू दहावीला असताना बांधली. तू सहा वर्षांची होतीस तेव्हा तिथे उघडी पडवी होती, म्हैस बांधायचो आपण." मी बाबांकडून घराचा जुना फोटो मागवला. पडवीच होती. जी खोली नव्हतीच, तिची कडी मी कानांनी ऐकली होती.

मी जाऊन पाया पडले. काका एवढंच म्हणाले, "पोट बरंय का आता?" पोट होतं तसंच होतं. पुढच्या गणपतीला ते आले नाहीत आणि त्याच डिसेंबरात गेले. आजही घरात तो विषय निघाला की आई उठून आत जाते.

नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की यात नवीन काहीच नव्हतं. संमोहनात आठवलेल्या गोष्टी जास्त खऱ्या नसतात, माणसाला त्यांची खात्री मात्र जास्त वाटू शकते, हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने १९८५ सालीच लिहून ठेवलंय. म्हणजे मी फसले त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी! ही पद्धत मनुष्याच्या आठवणींना हात लावते आणि तरीही कुणीही दहा दिवसांचा कोर्स करून पाटी लावतो, याचा मला आजही संताप येतो. आरोग्य मंत्रालयाने २००३ मध्ये संमोहनाला उपचारपद्धती म्हणून मान्यता देताना योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनीच ती वापरावी असं म्हटलं. पण संमोहनतज्ज्ञांची नोंद ठेवणारी वेगळी वैधानिक परिषदच नाही, मग प्रशिक्षण तपासणार कोण? आपणच. त्या माणसाची तक्रार करायला मी एका कार्यालयात तीन वेळा गेले. पहिल्यांदा सांगितलं, ते डॉक्टर नाहीत, म्हणून आमच्याकडे येत नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, पाटीवर डॉक्टर लिहिलंय, तर मेडिकलवाल्यांकडे जा. तिसऱ्यांदा साहेब जेवायला गेले होते.

२०१६ मध्ये माझ्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी स्वतःच चिठ्ठी देऊन हॉस्पिटलमधल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. मी पहिल्याच भेटीत आधीचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी भूतकाळात जाणार नाही, पोटापाशीच थांबणार आहे. आणि जे मला संमोहनाशिवाय हाताळता येत नाही, ते मी संमोहनानेही हाताळत नाही." माणूस निवडायला मला तरी हे दुसरं वाक्य पुरतं. दातांचा डॉक्टर दातासाठी संमोहन वापरेल, भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेसाठी वापरेल. पण जो फक्त संमोहनवाला आहे आणि मायग्रेनपासून लग्न जुळण्यापर्यंत सगळं करतो, त्याच्याकडे मी माझं मांजरही नेणार नाही.

१२ सेशन झाली, आठवड्याला एक. पोटावर हात ठेवून उब जाणवू द्यायची, मग वाहत्या पाण्याचं चित्र. त्यांनी विचारलं, ओळखीचं पाणी कुठलं? मी वाईची, म्हणून कृष्णा, मेणवलीचा घाट. उन्हाळ्यात संथ, पायऱ्यांना लागून सरकणारं पाणी, तसं आतडं. घरी रोज रेकॉर्डिंग ऐकायचं. (स्कूटरवर, लोकलच्या दारात नको. घरी, बसून.) पाचव्या सेशनपर्यंत मला काडीचा फरक नव्हता आणि मी सोडणार होते. मग मुरडे रोजचे होते ते आठवड्यावर आले, आता महिन्यात एक-दोन. बरी झाले असं म्हणणार नाही. राजमा आजही जमत नाही. पण ऑडिटच्या दिवशी गोळी न घेता जाते. हे माझं झालं, काहींना याने काहीच फरक पडत नाही, हेही ठाऊक असू द्या. आणि भास होणं, आवाज ऐकू येणं असं काही कधी झालं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका.

तुमच्या आई 'भानामती' म्हणाल्या, माझीही म्हणाली होती, आणि माझ्या बाबतीत झालं ते पाहता तिला दोष देता येत नाही. मी तिला बेल्जियमच्या लिएज शहरातलं सांगितलं: तिथल्या रुग्णालयात १९९२ पासून थायरॉइडच्या शस्त्रक्रियासुद्धा संमोहन, जागेपुरती भूल आणि थोडं औषध एवढ्यावर करतात, भूलतज्ज्ञ शेजारी बसलेला असतो. 'शेजारी डॉक्टर' ऐकल्यावर ती जरा निवळली.

मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका. माझी बिलं 'ओपीडी' म्हणून परत आली. पावत्या तरी सायकॉलॉजिस्टच्या नावाने, नोंदणी क्रमांकासह घ्या.

आता फोन करून एवढं विचारा: पदवी कोणती, नोंदणी कुठे? डॉक्टर असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, दोन्हीकडे नाव तपासता येतं. माझे रिपोर्ट पाहणार का, गॅस्ट्रोशी बोलणार का? आणि 'मागे' नेणार का? शेवटच्याला 'हो' आलं तर फोन ठेवा. तुमच्या डॉक्टरांनाच सोमवारी नाव विचारा, चिठ्ठी मागा. तुम्ही ठाण्याच्या आहात असं पोस्टवरून दिसतंय. मला व्यक्तिगत संदेश केलात तर माझ्या सायकॉलॉजिस्ट बाईंना तिकडचं कोणी माहीत आहे का ते विचारून कळवते.