घिरट्या घालणारे ससाणे मोजायचे कसे?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मागच्या सप्टेंबरमध्ये मुलांना घेऊन पेनसिल्व्हेनियात हॉक माउंटनला, म्हणजे स्थलांतर करणारे शिकारी पक्षी जिथे मोजतात त्या डोंगरावर, गेलो होतो, एकदम शंभरेक पक्षी गोल गोल फिरायला लागले आणि आमची मोजणी पार कोलमडली. तिथले लोक मोजतात तरी कसे?

उत्तर: ताई, ते फिरत असताना मोजूच नका! ते बहुतेक ब्रॉड-विंग्ड हॉक जातीचे ससाणे असणार, सप्टेंबरच्या मध्याला त्यांचेच थवे जातात. उन्हाने तापलेली हवा वर चढते तिच्यावर ते पंख न हलवता घिरट्या घालत उंच जातात, ह्या घोळक्याला तिथे केटल म्हणतात, आणि वर पोचले की एकामागे एक रांगेत दक्षिणेकडे घसरत निघतात, तेव्हा मोजायचं. रांग मोठी असेल तर दहा-दहाचे गट धरा. हातात क्लिकर (बटण दाबलं की आकडा एकाने वाढवणारं यंत्र) असला की डोळे दुर्बिणीवरच राहतात.

थंडीची लाट नुकतीच येऊन गेलीये आणि वारा वायव्येचा आहे असा दिवस पकडा. ऑक्टोबरमध्ये गेलात तर शार्प-शिन्ड हॉक हे छोटे ससाणे दिसतील, नोव्हेंबरात गोल्डन ईगल हे मोठे गरुड.

आणि मुलांना हे जरूर सांगा, की ह्याच डोंगरावर पूर्वी लोक बंदुका घेऊन बसायचे, पक्ष्यांचा नुसता खच पडायचा. 1934 मध्ये रोझली एज ह्या बाईंनी ती जागा भाड्याने घेऊन शिकार बंद पाडली, मॉरिस ब्राउन यांना राखणीला ठेवलं आणि त्यांनीच मोजणी सुरू केली. मला तर त्या बाईंबद्दल फार आदर वाटतो.