कणीस बाहेरून करपते आणि तिखटमीठ गळून पडते, यावर उपाय काय?

घरी गॅसवर भाजलेले कणीस बाहेरून काळे पडते, आतून कच्चे राहते आणि वर लावलेले तिखटमीठ ताटलीत सांडते, मग सिंहगडावर मिळते तशी चव कशी आणावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते यातील निम्मी चूक भाजण्याआधीच, म्हणजे कणीस निवडताना झालेली असते.

शहरातील मंडईत बहुतेक वेळा स्वीट कॉर्न मिळते. त्यात साखर जास्त असल्यामुळे आच लागताच ते करपते. ते उकडूनच चांगले लागते. भाजण्यासाठी देशी, पांढरट दाण्यांचे कणीस मागून घ्यावे. दाण्याला नख लावल्यावर दुधासारखा रस आला तर ते कोवळे असते. दाणा नखाला दाद देत नसेल तर कणीस जून झाले आहे, असे समजून परत ठेवावे. शिवाय तोडल्यानंतर दाण्यांतील साखरेचे पिष्ट होऊ लागते, म्हणून आणलेले कणीस शक्यतो त्याच दिवशी भाजावे.

गडावरच्या शेगडीत ज्वाळा नसतात, निखारे असतात. निखाऱ्यांची धग कणसावर सगळीकडून सारखी पोहोचते, तर गॅसची ज्योत जिथे लागते तेवढीच जागा जाळते, आणि कोळशाचा वास तिला येत नाही तो नाहीच. तरीही बर्नरवर जाळी ठेवून, आच मध्यमपेक्षा कमी करून, पाने मागे ओढून त्यांचीच मूठ करून कणीस सतत फिरवत राहिले, तर आठ-दहा मिनिटांत दाणे आतपर्यंत शिजतात. दाणे तडतडू लागले आणि त्यांवर तपकिरी ठिपके उमटले की उतरवावे.

तिखटमीठ भाजण्याआधी कधीही लावू नये. मी एकदा लावले होते. तिखट जळून घरभर असा ठसका उठला की शेजारी विचारायला आले. भाजलेल्या दाण्यांचा पृष्ठभाग कोरडा असतो, त्यामुळे कोरडी भुकटी त्यावर टिकत नाही. विक्रेते लिंबाची अर्धी फोड मीठ-तिखटात बुडवून कणसावर दाबून घासतात, ती केवळ आंबटपणासाठी नव्हे. रसामुळे मसाला दाण्यांच्या खाचांत चिकटून राहतो. फोड घासताना हलकेच पिळत जावे आणि कणीस गरम असतानाच हे काम उरकावे.

मसाला धरून ठेवण्याचे काम स्निग्ध पदार्थही करतात. मेक्सिकोत, जिथे मक्याची शेती हजारो वर्षांपूर्वी सुरू झाली, कणसाला आधी मेयोनेज किंवा आंबूस साय माखतात आणि मग कोतिहा नावाचे कोरडे, खारट चीज कुस्करून, तिखट भुरभुरून लिंबू पिळतात. हा प्रकार घरी करायचा तर मेयोनेजऐवजी चक्का चालतो. त्यावर किसलेले पनीर घालावे, परंतु पनीर अळणी असल्याने मीठ हात राखून घालू नये.

मला स्वतःला मात्र सुक्या खोबऱ्याची लसणाची चटणी अधिक आवडते. गरम कणसावर चमचाभर लोणी फिरवून त्यावर दोन चमचे चटणी पसरावी. चटणी जाडसर असेल तर ती आधी खलबत्त्यात थोडी बारीक करून घ्यावी, नाहीतर खोबऱ्याचे तुकडे पहिल्याच घासाला मांडीवर पडतात.