याहू चॅटरूमसारखी मजा आता कुठंच का येत नाही?

तुम्ही विचारलंय की याहू चॅटरूमसारखी मजा आता का येत नाही, आपलं वय झालं की खरंच काहीतरी गेलं. वय झालंच की ओ, पण गेलंयही.

माझ्या मते गेलं ते "ऑनलाइन येणं". २००२-०३ ला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून बसायचो, पडदा लावलेली केबिन, कीबोर्डवरची अर्धी अक्षरं पुसलेली, आणि याहू मेसेंजरमध्ये कुणाच्या नावापुढचा स्मायली पिवळा झाला म्हणजे तो गडी आत्ता कुठंतरी खुर्चीत बसलाय आणि त्याचंही मीटर पडतंय हे नक्की. म्हणून गप्पा सलग व्हायच्या. आता सगळे चोवीस तास ऑनलाइन आणि हायला उत्तर परवा.

आणि अनोळखी माणसं! तालमीच्या कट्ट्यावर सगळी पेठेतलीच, तुमचा बा कोण ते माहीत असलेली. रूममध्ये शारजातला वेल्डर भेटायचा, नागपूरची बीएस्सीवाली भेटायची (खरंच होती का देव जाणे), कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा आणि चप्पल, पुढं लगेच घरगुती विषय सुरू. व्हॉट्सॲपवर नंबर असल्याशिवाय कोण बोलतंय?

ऑर्कुट-फेसबुकनं मारलं म्हणतात ते अर्धंच खरं, रूम्स आधीच सडायला लागल्या होत्या. बॉट (माणूस नाही, आपोआप चालणारे प्रोग्रॅम) येऊन घाण लिंका टाकायचे, कुणाशी भांडण झालं की तो बूटर नावाचा प्रोग्रॅम चालवून तुमचा मेसेंजरच बंद पाडायचा. त्यात लहान पोरांच्या मागं लागणारी माणसं, हे सगळ्यात वाईट. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएननं त्याच कारणानं २००३ मध्ये बऱ्याच देशांतल्या रूम्स बंद केल्या. याहूवर तर तसल्या रूम्सशेजारी आपल्या जाहिराती दिसतायत कळल्यावर मोठ्या कंपन्यांनी त्या काढून घेतल्या आणि २००५ ला लोकांनी स्वतः काढलेल्या रूम्स गेल्या, माझ्या लेखी खरी मजा तिथंच संपली. उरलेल्या डिसेंबर २०१२ ला, मेसेंजर जुलै २०१८ ला, पण तोवर तिथं होतं कोण म्हणा.

अजून हौस असेल तर १९८८ पासूनचं आयआरसी (जुनी चॅटची पद्धत) अजून चालू आहे, त्याच्या लिबेरा चॅट नावाच्या नेटवर्कवर बघा, पण बहुतेक लिनक्स आणि प्रोग्रामिंगवाले. पुतण्यानं डिस्कॉर्ड हे गप्पांचं ॲप दाखवलं, पोरं रात्री दोनपर्यंत व्हॉइसवर खिदळत बसतात, तिथं जरा तसं वाटलं खरं, फक्त गेममधलं कळत नसेल तर गप ऐकत बसायचं.